छापील प्रतीत नसलेला श्वास

तालीमघरात माझं काम लिहिण्याचं. कोण कुठून येतं, कोणत्या सुरावर पाय उचलतं, कुणाचा हात कुणाच्या कमरेला कधी लागतो, हे सगळं मी मोठ्या आडव्या वहीत उतरवून ठेवते. पानाच्या वरच्या ओळीत संगीत, खालच्या सोळा ओळींत सोळा नाचणारे. नाच बसवणाऱ्या बाई उद्या गेल्या तरी परवा कुणीही वही उघडून तोच नाच जसाच्या तसा उभा करावा, अशी त्यामागची कल्पना. बाई अजून ठणठणीत आहेत. वह्या एकेचाळीस झाल्या आणि त्यातली एकही कुणी उघडल्याचं मी पाहिलेलं नाही. नाचणारी पोरं मला वहीमावशी म्हणतात. तोंडावर मावशी, माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

सवयीने वहीत न बसणाऱ्या गोष्टीही मनात टिपल्या जातात. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत हसत-खिदळत बरोबर येणारी दोघं दारातून आत शिरताना बरोबर दोन मिनिटांचं अंतर कसं ठेवतात. पाय मुरगळला म्हणून खुर्चीत बसलेल्याचा पाय जेवणाच्या सुट्टीत जिना उतरताना कसा आपोआप बरा होतो. अशा टिपणांचा कुणाला उपयोग नसतो. त्या वर्षी झाला असता, आणि मी तो होऊ दिला नाही. तेच सांगते आहे.

त्या वर्षी बाईंनी गोष्ट नसलेला बॅले करायचा असं जाहीर केलं. राजपुत्र नाही, शाप नाही, शेवटी कुणी मरत नाही. नुसते सूर आणि माणसांची अंगं.

"मग लोक घरी जाऊन काय सांगणार, काय पाहिलं म्हणून?" खांबाने विचारलं. हा आमचा सगळ्यात उंच नाचणारा. उचलायला आणि झेलायला भरवशाचा, विचारायला तितकाच बेभरवशाचा.

"तू कशाला काळजी करतोस? तुला गोष्ट होती तेव्हा तरी कुठे कळली होती?" बाई म्हणाल्या.

संगीत फार वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाचं होतं. बाईंना मेलेले संगीतकार आवडतात. ते तालमीला येऊन कोपऱ्यात बसत नाहीत. त्याने ते सबंध ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं होतं, पण तालमीला ऑर्केस्ट्रा कोण देणार? तालमीला एक उभा पियानो, त्यावर मास्तर, आणि सगळी वाद्यं दहा बोटांत कोंबून केलेली एक छापील प्रत. पहिल्या प्रयोगाच्या बारा दिवस आधी ऑर्केस्ट्रा येतो. तोपर्यंत पन्नास माणसांचं काम एकटे मास्तर करतात. एकतीस वर्षं करत होते.

बाई नोटेशन वाचत नाहीत. वाचता येत नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "वाचणं वाजवणाऱ्याचं, ऐकणं माझं," असं म्हणतात. पियानोकडे पाठ करून, डोळे मिटून, एकेक तुकडा वीस-वीस वेळा ऐकतात आणि मग पोरांच्या अंगावर तो कापडासारखा कापायला घेतात. खालच्या जाड सुरांची संथ चाल होती, ती त्यांनी चार पुरुषांना दिली. वरची बारीक, धावती ओळ बायकांना. तीच ओळ पुढे उलटी होऊन येते, तर तिथे सगळी रांग आरशात पाहिल्यासारखी उलटी फिरली. एके ठिकाणी एक सूर दुसऱ्याच्या मागे आठ मात्रांनी धावत येतो. दुसरी रांग पहिलीच्या मागे आठ मात्रांनी निघाली. सूर दाट झाले की माणसं वाढायची, विरळ झाले की दोघंच उरायची. मी वर संगीत आणि खाली पावलं लिहीत होते. कधी कधी वाटायचं, खालचं लिहायची गरजच नाही. वरचं वाचलं की खालचं दिसतंच.

त्यांचा एक नियम मात्र कडक. मोजायचं नाही.

"एक दोन तीन चार मोजत नाचणाऱ्याच्या तोंडावर वाण्याची यादी दिसते," त्या म्हणत. "कान आहेत ना? ऐका. तुमची वेळ तुम्हाला सूर सांगेल."

सगळे हो म्हणायचे आणि बुटात अंगठा दाबून मोजायचे. खांब तर ओठही हलवायचा. खरोखर न मोजणारी एकच पोरगी होती. मास्तरांचीच मुलगी. एका जागी उभं राहता येत नाही म्हणून लहानपणी तिला भिंगरी नाव पडलं, ते चिकटलं. बापाच्या पियानोखाली बसून वाढलेली. तिला मोजायची गरज काय?

बापलेकीचं आणखी एक मी टिपून ठेवलं होतं. रोज सकाळी तालीमघराबाहेरच्या बोळकांडीत ती बापाच्या शर्टाच्या बाह्यांची बटणं लावून द्यायची.

"बाबा, हात द्या. इकडे नाही, उजेडात."

"अगं, लावलं असतं मी."

"हो, संध्याकाळपर्यंत लागलं असतं."

बाकीच्यांना त्यात लाड दिसायचे. मी पियानोशेजारी बसते, कारण मला छापील प्रत बघत लिहावं लागतं. पियानोची उभी पाठ खोलीकडे असल्याने मास्तरांचे हात मला सोडून कुणालाच दिसत नाहीत. त्या हिवाळ्यापासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं उघडेनाशी झाली होती. आखडलेल्या पंज्यासारखी आत वळून राहायची. मास्तर ती अंगठ्याने आणि मनगटाच्या हिसक्याने सांभाळून घ्यायचे. कुठे एखादा सूर गाळायचे, कुठे उजव्या हाताने उचलायचे. एकतीस वर्षांची चलाखी होती, कुणाच्या कानाला पत्ता लागला नाही.

तिसऱ्या भागात मात्र पळवाट नव्हती. तो भाग संथ. मधोमध डाव्या हाताचा एक खोल सूर येतो, पियानोच्या अगदी टोकाचा, आणि त्याला लागूनच वर एक रुंद कॉर्ड, चार सूर एकदम. छापील प्रतीत त्या दोघांमध्ये काही नाही. खूण नाही, रेघ नाही, टिंब नाही. खोल सूर संपतो तिथे कॉर्ड सुरू.

मास्तरांनी खोल सूर वाजवला. मग हात उचलला, ती दोन बोटं पट्ट्यांवर नेऊन ठेवली, बाकीची पसरली, आणि कॉर्ड दिली. मध्ये अर्धी मात्रा गेली. जरा जास्तच म्हणा.

"थांबा!" बाई ओरडल्या.

मास्तरांचा चेहरा मी पाहिला. एवढ्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"हे परत वाजवा."

मास्तरांनी परत वाजवलं, घाईघाईने, श्वास न सोडता. कॉर्डमधला एक सूर चुकला.

"असं नाही हो. आधी वाजवलंत तसं. मध्ये सगळं थांबलं होतं. श्वास घेतल्यासारखं." बाईंची पाठ आमच्याकडेच होती. "आहे ना तो संगीतात?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग छापील प्रतीकडे. मग म्हणाले, "आहे."

मी वहीवर मान घातली. "नाही" म्हणायला मला एका शब्दापेक्षा जास्त लागलं नसतं.

बाईंनी त्या अर्ध्या मात्रेवर तीन दिवस घालवले. भिंगरीला पुढे बोलावलं. "तू कोपऱ्यातून धावत यायचं, रांगेकडे पाठ करून थांबायचं. खोल सुराला थांबायचं. आणि कॉर्ड आली की तिच्यावर मागे पडायचं. सरळ, झाडासारखं. मागे बघायचं नाही."

"मागे कोण असेल?"

"कुणी नसेल. खांब रांगेत असेल, सगळ्यांसारखा. सूर थांबला की तो निघेल. दोन ढांगा. कॉर्ड येईल तेव्हा तू पडायला लागशील आणि त्याचे हात तिथे असतील."

"आणि नसले तर?" खांबाने विचारलं. निदान हा प्रश्न तरी शहाणपणाचा होता.

"तू शांतता ऐकली नाहीस तर नसतील. म्हणून ऐक."

मग एकदा ते जमलं. एक पोरगी पाठीमागच्या रिकाम्या जागेवर अंग टाकते, आणि ज्या क्षणी ती आता आपटणार असं वाटतं त्याच क्षणी तिथे माणूस असतो. तो आला कधी हे कळत नाही, कारण त्या वेळी सूरच नसतो आणि आपण सगळे जण ऐकत असतो. बाईंनी चष्मा काढून पुसला. एकेचाळीस वह्यांत तेवढी चांगली अर्धी मात्रा दुसरी नाही, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

मग बाईंनी सगळा बॅले त्या जागेकडे वळवला. पहिल्या भागातली गर्दी कमी केली, म्हणजे ती शांतता आली की ऐकू यावी. शेवटच्या भागात सोळा जणांना तीनदा अर्धवट पावलावर थांबवलं, म्हणजे त्या श्वासाची आठवण व्हावी. घराची तुळई बसवावी तशी त्यांनी ती जागा बसवली, आणि बाकीचं सगळं तिच्यावर टेकवलं.

मी वहीत त्या जागी पेन्सिलीने लिहिलं: "श्वास. अर्धी मात्रा. छापील प्रतीत नाही."

जेवणाच्या सुट्टीत मास्तर शेजारी येऊन बसले. त्यांनी ती ओळ वाचली होती. उलटी वही वाचायची कला त्यांनाही होती.

"पेन्सिलीनेच ठेवा हं, वहीताई. खोडता येतं."

"खोडून बोटं सरळ होणार आहेत का?"

ते हसले. "तुमच्या लक्षात आलं तर."

"पहिल्या आठवड्यातच. डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात कापून बघू. कापल्यावर सहा महिने वाजवायचं नाही. सहा महिन्यांनी इथे दुसरं कुणीतरी बसलेलं असेल, नाहीतर एक यंत्र. या बाकड्यावरून उठलो की मी कोण सांगा. तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा, जिन्यात दम खाणारा. पोरगीला तर मी तालमीतच भेटतो, घरी ती झोपायला येते." त्यांनी डावा हात मांडीखाली सरकवला. "एवढं एक निभावून नेतो. ऑर्केस्ट्रा आला की माझं काम संपलं. मग पुढच्याचं पुढे."

त्यांना फक्त आपला हात दिसत होता. हात लपला की काम झालं. आपल्या हातावर सोळा जण नाचताहेत आणि त्यात एक आपली आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मी आणखी चार दिवस गप्प बसले, कारण तो तिसरा भाग मला आवडत होता. सांगितलं असतं तर तो मोडला असता. दुसरं कारण द्यायला मला आवडलं असतं.

पाचव्या दिवशी मी त्यांना बोळकांडीत गाठलं.

"मास्तर, ऑर्केस्ट्रा थांबणार नाही."

"कुठे?"

"तुम्ही थांबता तिथे. त्यांच्याकडे खोल सूर एकाने वाजवायचा आणि कॉर्ड दुसऱ्यांनी. त्यांना थांबायला कारण काय? कॉर्ड लगेच येईल. भिंगरी कॉर्डवर पडते. खांब अजून रांगेतच असेल."

मास्तर भिंतीला टेकले.  मग म्हणाले, "बाईंना सांगितलं की पहिला प्रश्न हाच ना, की मग तुम्ही का थांबत होता?"

"असेल. पण सांगायला हवं."

"संचालकांना सांगतो मी. एकटं गाठून. तिथे अर्धी मात्रा धरा म्हणतो, बाईंची इच्छा आहे. झालं! कुणाला काही कळायला नको."

संचालक म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारा. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. वेळेला पक्का आणि चेहऱ्यावर तेवढीच माया. मला मास्तरांची युक्ती पटली. म्हणजे मला ती सोयीची वाटली.

चार दिवसांनी विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं," मास्तर म्हणाले. पट्ट्या पुसत होते. वर पाहिलं नाही.

वर न पाहणारा माणूस काय सांगत असतो हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. तरीही मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीपुढे लिहिलं, "संचालकांना कळवले." लिहिलं की मला बरं वाटतं. लिहिलेलं खरं असतं अशी माझी आपली समजूत.

ऑर्केस्ट्रासह पहिली तालीम दुपारी होती, रंगमंचावर. नवीन जागा, नवीन फळ्या, समोरच्या खोल खड्ड्यात पन्नास वादक. अशा वेळी नाचणारे आधी नुसतं चालून घेतात, झेप-बीप राखून ठेवतात. भिंगरीने विचारलंही, "आज नुसतं चालून बघायचं का?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "पन्नास माणसं वाजवताहेत आणि तुम्ही काय फेरफटका मारणार? पूर्ण नाचा."

भिंगरी रंगमंचाच्या कडेला आली. प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत मास्तर बसले होते. आज त्यांना वाजवायचं नव्हतं. बाह्यांची बटणं तिनेच लावून दिली असणार, दोन्ही लागलेली होती.

"बाबा, तिथे थांबतील ना ते?" तिने वरूनच विचारलं. हळू, पण मी पाचव्या खुर्चीवर होते.

मास्तरांनी मान हलवली. होकाराची.

पहिले दोन भाग असे झाले की मी लिहायचंच विसरले. तीन महिने एका पियानोवर जे ऐकलं होतं त्याला आता मांस चढलं होतं. खालची ओळ खरंच जमिनीतून यायची आणि चार पुरुष तिच्यावर चालायचे. तिसरा भाग सुरू झाला. रांग उभी राहिली, खांब तिच्यात सगळ्यांसारखा. भिंगरी कोपऱ्यातून धावत आली, पाठ फिरवून थांबली. खोल सूर आला, खड्ड्यातून, पोटात जाणवणारा.

आणि त्याला लागूनच कॉर्ड आली. जशी छापली होती तशी.

भिंगरी पडली. सरळ, झाडासारखी, मागे न बघता. न मोजणारी एकटीच होती ती. कॉर्ड ऐकली आणि पडली. खांब शांततेची वाट बघत रांगेतच होता. शांतता आलीच नाही. त्याने पहिली ढांग टाकली तेव्हा फळ्यांचा आवाज झाला होता.

खड्ड्यातल्या माणसांना रंगमंच दिसत नाही. संचालकाची नजर प्रतीवर होती. त्यामुळे संगीत चालू राहिलं. तिच्या अंगाभोवती सोळांतले पंधरा जण गोळा होत होते, आणि सगळ्यात सुंदर ओळ, व्हायोलिनची, वर चढत होती. बाई "थांबवा" म्हणून किंचाळल्या तेव्हा कुठे एकेक वाद्य विझत गेलं. शेवटी एक बासरी एकटीच राहिली होती. मग तिलाही कळलं.

मास्तर उठून उभे होते. पुढे गेले नाहीत. जाता आलं नसावं.

तिला नेल्यावर बाई वर परत आल्या. मला म्हणाल्या, "वही."

एकेचाळीस वह्यांत पहिल्यांदाच कुणी वही मागितली. मी पान उघडून दिलं. त्यांनी वरची ओळ सोडली, ती त्यांना वाचता येत नव्हती. खालचं पेन्सिलीचं वाचलं. दोनदा.

"छापील प्रतीत नाही?"

"नाही."

"हे तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी वही मिटली. मग संचालकाकडे वळल्या. "तुम्हाला कळवलं होतं म्हणते ही."

संचालक चपापला. "मास्तर आले होते एकदा. म्हणाले, इथे जरा धराल का. मी म्हटलं, का? तिथे थांबायची गरज पियानोवाल्याला पडते, हात लांब न्यावा लागतो म्हणून. माझ्याकडे पन्नास जोड्या हात आहेत. तरी पाहिजे असेल तर बाईंकडून लिहून आणा, मी खूण करतो." त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही, तेवढी माया त्याच्यात होती. "तर म्हणाले, नको नको, सहज विचारलं."

कुणीतरी पायाने खुर्ची सरकवली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "वर या. वाजवा ते."

विंगेत एक जुना पियानो असतो, सूर लावायला. मास्तर त्याच्यापुढे बसले. बाई पहिल्यांदाच पियानोच्या या बाजूला आल्या आणि त्यांच्या खांद्याशी उभ्या राहिल्या, मी रोज बसते त्या बाजूला. मास्तरांनी खोल सूर वाजवला. हात उचलला. दोन बोटं उघडेनात. दुसऱ्या हाताने ती धरून पट्ट्यांवर नेऊन ठेवली. मग कॉर्ड.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

बाई बाकाच्या कडेवर बसल्या, मास्तरांच्या शेजारी. बराच वेळ त्या हाताकडे बघत होत्या. एखाद्याने आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी पाहावी, तसं. मला वाटलं आता त्या त्यांच्यावर तुटून पडतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "तीन महिने मी याच्यावर नाच बसवतेय. मला वाटलं तो मेलेला माणूस मला काहीतरी सांगतोय."

"माझी पोर," मास्तर म्हणाले. एवढंच.

"जा तुम्ही तिच्याकडे."

ते गेले.  मग बाई उठल्या, आणि त्यांच्यात जे काही आहे, ज्याच्यामुळे त्या बाई आहेत आणि आम्ही आम्ही, ते उभं राहिलं.

"इथे थांबता येईल?" त्यांनी संचालकाला विचारलं. "अर्धी मात्रा?"

संचालकाने खिशातून पेन्सिल काढली. "येईल की."

"आणि तू," त्या मला म्हणाल्या, "शाईने लिही."

मी शाईने लिहिलं. "छापील प्रतीत नाही" हे शब्द तसेच ठेवले.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीला ती जागा दिली. ती मोजणारी होती. दोन दिवसांत तिला ते जमलं. पहिल्या प्रयोगाला लोक उभे राहिले. एका जाणकाराने लिहिलं की, या संगीतात दडलेली एक शांतता इतक्या वर्षांत कुणाच्या कानाला सापडली नव्हती, ती बाईंना सापडली. बाईंनी ते कात्रण कुठे ठेवलं मला माहीत नाही. भिंतीवर तरी लावलेलं नाही.

मास्तरांना कुणी काढलं नाही. ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण झालं, तालमीला ते पुरतं, श्वासासकट. पियानोवर कुणीतरी कापड टाकलं. एवढंच.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंगरी फळीवर उताणी. कण्याचे दोन मणके दबलेत. डॉक्टर म्हणतात, ती चालू शकेल. नाचण्याचं त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

"मावशी, वही नाही आणलीत?" तिने विचारलं.

"आज सुट्टी."

"मग आमच्याकडे काय काय दिसलं ते घरी जाऊन लिहाल." ती हसली. हसताना तिला दुखत होतं. "थांबतात का ते तिथे?"

"थांबतात."

"किती?"

"अर्धी मात्रा."

मास्तर दारात उभे होते, दोन कप घेऊन, दोन्ही उजव्या हातात. "कमी आहे," ते म्हणाले. "शेवटी शेवटी माझी पाऊण व्हायला लागली होती. ही पोरं माझ्याबरोबर लांबत गेली. खांबसुद्धा. कुणाच्या लक्षात आलं नाही."

माझ्या आलं होतं. पाऊण. आणि एके दिवशी त्याहून थोडी जास्त. 

त्यांनी कप खाली ठेवले. भिंगरी छताकडे बघत होती. बापलेक एकमेकांशी बोलतात की नाही ते मला कळेना. खोलीत बटणाएवढासुद्धा सैलपणा नव्हता. मग तिनेच मान न वळवता म्हटलं, "मावशी, बाबांची डावी बाही उघडी असेल."

होती. मनगटावर लोंबत होती. दारातून आल्या आल्या मी ती पाहिली होती.

"तेवढं बटण लावून द्या. मला उठता येत नाही."

मास्तरांनी हात पुढे केला, उजेडात. माझ्याकडे न बघता. मी बटण काजात घातलं. आत वळलेली ती दोन बोटं माझ्या तळव्याला लागली. थंड होती. मला दोनदा प्रयत्न करावा लागला. कुणाचं बटण लावायची सवय नाही मला.